मेक्सिकोत एका मास्कमागचा तिसरा माणूस होताना

आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की रेसलिंगमधला मास्क म्हणजे एका माणसाची मालमत्ता, आणि आतला माणूस बदललाय हे कळलं की पहिली प्रतिक्रिया येते "फसवलं राव". मला याच्यावर बोलायचंय कारण मी मेक्सिको सिटीतल्या एका छोट्या जिममध्ये असा एक मास्क घालतो जो माझ्याआधी दोघांनी घातलाय, त्यातला एक जण अजूनही घालतो, आणि त्या मास्कचं नाव, चाल, लकबी, जुनी भांडणं, जुन्या जखमा हे सगळं मला त्याच्यासोबत घ्यावं लागलं. नाव सांगणार नाही, ते जिमचं आहे आणि तिथे ते जपतात. पण हे शिकायला किती काम लागतं ते सांगतो, कारण दुसऱ्याच्या मास्कमध्ये उभं राहणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते करणाऱ्याला सगळ्यात कमी श्रेय मिळतं असं माझं पक्कं मत झालंय.

ज्यांनी २०११ साली टेन स्पोर्ट्सवर डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीचा स्मॅकडाऊन हा शो बघितलाय त्यांना सिन कारा हा मास्कवाला रेसलर आठवत असेल. निळा मास्क, ट्रॅम्पोलिनवरून उडी मारून वरच्या दोरीवरून थेट रिंगमध्ये, आणि त्याची मॅच सुरू झाली की सगळ्या हॉलचे दिवे निळेपिवळे व्हायचे. आमच्या हॉस्टेलवर त्याचे दोन गट पडले होते, एकाला तो रे मिस्टेरिओ या जुन्या मास्कवाल्यापेक्षा भारी वाटायचा आणि दुसरा गट म्हणायचा हा सारखा पडतो, याला नीट जमत नाही. मग ऑगस्टमध्ये अचानक तोच मास्क घालून आलेला माणूस वेगळा वाटायला लागला. उड्या कमी, पाय जमिनीवर जास्त, धरपकड जास्त. आम्ही तेव्हा नुसते वाद घालत बसायचो, पण झालं असं होतं की मूळ सिन काराला जुलैमध्ये कंपनीच्या वेलनेस पॉलिसीखाली, म्हणजे औषधांबाबतच्या नियमांखाली, ३० दिवस सस्पेंड केलं होतं आणि त्याच्या जागी मास्क घालून हुनिको नावाचा दुसरा रेसलर उभा केला होता. मूळवाला परत आल्यावर त्यांनी त्याचीच स्टोरी केली, दोन सिन कारा, एक निळा एक काळा, २ ऑक्टोबर २०११ ला हेल इन अ सेल या मोठ्या शोला दोघांची मॅच, आणि त्याच महिन्यात खुद्द मेक्सिको सिटीत मास्क विरुद्ध मास्क. हुनिको हरला, सगळ्यांसमोर मास्क काढला.

आता यातली जी गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती आणि जिच्यामुळे मी हे सगळं नव्याने बघायला लागलो ती म्हणजे हा जो मूळ सिन कारा, तो मेक्सिकोत मिस्तिको होता. २००४ ला आला आणि दोनतीन वर्षांत मेक्सिको सिटीतला कुस्तीचा मोठा हॉल, अरेना मेक्सिको, भरवणारा सगळ्यात मोठा हिरो झाला. आणि हुनिको पण त्याच्या आधीच्या दिवसांत मेक्सिकोच्या सीमेवरच्या हुआरेसकडे मिस्तिको हेच नाव घेऊन लढलेला होता. म्हणजे "याने माझी ओळख चोरली" असं जे टीव्हीवर हुनिको ओरडायचा ते निव्वळ लिहून दिलेलं वाक्य नव्हतं, त्याच्या पोटातलंही थोडं असणार त्यात.

मी इकडे कामासाठी आलो. ऑटो कंपन्यांमुळे पुण्याकडची बरीच पोरं मेक्सिकोत येतात, केरेतारो, पुएब्ला वगैरे, मला मेक्सिको सिटीतलं ऑफिस मिळालं. आमच्या घरात कुस्ती आहे, अण्णा म्हणजे माझे चुलते कोल्हापूरच्या तालमीत होते, खासबागेत लढलेत, मी पण शाळेत असताना मातीत गेलोय. त्यामुळे पहिल्या शुक्रवारीच अरेना मेक्सिको गाठलं. डॉक्टोरेस भागात, डॉक्टर लाविस्ता रस्त्यावर, बाहेर दोन्ही बाजूला मास्कचे स्टॉल, आत साधारण १६,००० माणूस बसेल एवढा हॉल, १९५६ पासून उभा आहे. आणि तिथे मॅच भरवणारी कंपनी, सीएमएलएल, १९३३ ची, आज चालू असलेल्यांमध्ये जगातली सगळ्यात जुनी. पोरं, आज्या, नवराबायको, सगळे नाटकाला आल्यासारखे नटून नाही तर गावच्या जत्रेतल्या फडाला आल्यासारखे हक्काने आलेले. तिथे मी मिस्तिकोला बघितला, तोच, २०११ चा आमच्या हॉस्टेलवरच्या भांडणाचा विषय, आता चाळिशीत आणि इतका सहज की डोळ्यावर विश्वास बसेना. तोच माणूस आमच्या टीव्हीवर सारखा का अडखळायचा?

याचं उत्तर मला जिममध्ये अंगाने कळलं. मेक्सिकोत पकडी उजव्या बाजूने करतात. हात धरायचा तर उजवा, मान धरायची तर उजव्या बगलेत, पाय धरायचा तर उजवा. अमेरिकेत आणि जपानमध्ये सगळं डावीकडून. दोन्ही पैलवान एकमेकांच्या भरवशावर उडत असतात, समोरच्याने कुठला हात कधी पुढे करायचा हे अंगात मुरलेलं असतं, विचार करायला वेळच नसतो. मग एकजण लहानपणापासून उजवीकडून शिकलेला आणि दुसरा डावीकडून, तर अर्धा क्षण चुकामूक होणारच. सिन काराच्या त्या चुका एकट्याच्या नव्हत्या, दोघांच्या शाळा वेगळ्या होत्या. हुनिको अमेरिकेतल्या एल पासोचा, सीमेवरचा, अमेरिकन पद्धतीत आधीच काही काळ कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये काढलेला, म्हणून तो मास्क घातल्यावर मॅच सुरळीत जायच्या. लोकांना मात्र वाटलं की हा नकली, याला उडता येत नाही.

तर जिम. एका वर्कशॉपच्या वर, पत्र्याचं छप्पर, एक जुनी रिंग जिच्या फळ्यांवर फक्त पातळ फोम आणि वर कॅनव्हास. त्याला इथे लोना म्हणतात. शिकवणारा माणूस साठीच्या पुढचा, त्याला सगळे माएस्त्रो म्हणतात, मी पण म्हणतो, आणि खरं सांगायचं तर वागायला तो आपल्याकडच्या वस्तादासारखाच, म्हणजे कौतुक नाही, वेळेत नाही आलास तर परत जा, आणि रिंग झाडायचं काम सगळ्यांना. पहिले कित्येक आठवडे फक्त मारोमा, म्हणजे कोलांट्या, पुढे, मागे, खांद्यावरून, मग एकावर एक न थांबता. मग पडणं. पाठ सपाट, हनुवटी छातीला, हात बाजूला आपटायचे, श्वास सोडत पडायचं. मेक्सिको सिटी २२४० मीटर उंचीवर आहे, आपलं महाबळेश्वर साधारण १३५० आहे म्हणजे बघा, सुरुवातीला दोन मिनिटं दोऱ्यांवरून पळलो की छाती फुटायची. आणि त्या दोऱ्या म्हणजे टीव्हीवर दिसतात तशा मऊ नसतात हो, आत स्टीलची केबल असते, बरगडीवर निळे वळ उठतात.

आणि एक गोष्ट आपल्याकडच्या पैलवानांना आवडेल, इथे व्यावसायिक लढायचं तर कुस्तीवर देखरेख करणाऱ्या कमिशनचं लायसन्स लागतं आणि त्याची परीक्षा असते, तिच्यात खरी कुस्ती येते का, पकडी येतात का, कोलांट्या येतात का हे सगळं बघतात. माझ्याकडे ते लायसन्स नाही आणि मी ते काढणारही नाही, नोकरी आहे. मी जे करतो ते जिमच्या आतल्या रविवारच्या विद्यार्थ्यांच्या मॅच, गल्लीतले लोक येतात, तिकीट नाही, डब्यात ज्याला वाटेल तो पैसे टाकतो.

या रविवारच्या मॅचमध्ये एक मास्कवाला टेक्निको आहे, टेक्निको म्हणजे चांगल्या बाजूचा आणि रूडो म्हणजे दांडगट, नियम मोडणारा. हा टेक्निको गल्लीतल्या पोरांचा लाडका. त्याचा पहिला माणूस बसडेपोत मेकॅनिक, बरीच वर्षं त्यानेच केलं, मग गुडघा गेला. दुसरा बेकरीत रात्रपाळी करतो, त्यामुळे दर रविवारी जमत नाही. म्हणून तिसरा लागत होता, आणि उंची-बांधा जुळणारा मी निघालो. पण माएस्त्रोने मास्क हातात दिला नाही. म्हणाला आधी चाल शिक.

इथे खरं काम सुरू झालं. मला वाटलं होतं डाव पाठ करायचे, तीनचार ठरलेल्या उड्या, झालं. माएस्त्रोने डावांना हातच लावला नाही. मेकॅनिकला खुर्चीवर बसवला आणि त्याला विचारून विचारून माझी चाल करून घेतली. तो रिंगमध्ये शिरताना दुसऱ्या आणि तिसऱ्या दोरीच्या मधून डावा पाय आधी घालतो. आत आल्यावर उजव्या हाताची दोन बोटं लोनाला लावतो, मग मान वर, मग कोपऱ्याकडे बघतो, लोकांकडे नंतर. मार बसला की लगेच हात जखमेवर नेत नाही, आधी एक पाऊल मागे जातो, मग हात. दमला की खांदे खाली सोडतो, कमरेवर हात ठेवत नाही. हे सगळं त्याने स्वतः कधी ठरवलेलं नव्हतं, त्याला पण मोबाईलवरच्या जुन्या क्लिप बघूनच कळलं की आपण असं करतो. आणि आरसा वापरायचा नाही हा नियम होता, कारण आरशात माणूस स्वतःला समोरून बघतो आणि रिंगभोवती लोक चारी बाजूंनी बसलेले असतात, पाठीमागून बसलेल्या माणसाला पण तो तोच वाटला पाहिजे. बेकरीवाला जिन्यावर उभा राहून माझा पाठमोरा व्हिडिओ काढायचा आणि आम्ही तो मेकॅनिकच्या क्लिपशेजारी लावून बघायचो. चेहरा झाकला की पाठ, मान, ढोपरं किती बोलतात हे मला तेव्हा दिसलं, आणि एकदा दिसलं की ते परत न दिसणं अशक्य. आता मी २०११ चे जुने व्हिडिओ लावले तर पहिल्या दहा सेकंदात सांगू शकतो की आत कोण आहे, दोघांचे पाय टेकायचे वेगळे आहेत.

माझ्या अंगात सगळ्यात खोलवर बसलेली गोष्ट म्हणजे शड्डू. समोर पैलवान आला की मांडीवर हात पडतो, तो मी मारत नाही, तो पडतो. आणि खडाखडीचा पवित्रा, कमरेत वाकून, हात पुढे. माएस्त्रोला दोन्ही बघून फार आनंद झाला, त्याने मला परत परत करायला लावलं, बाकीच्या पोरांना दाखवलं, आणि मग शांतपणे म्हणाला हे तुझं आहे, त्याचं नाही, काढून टाक. लय जड गेलं मला. अण्णांनी शिकवलेलं अंगातून काढायचं आणि एका बसमेकॅनिकची मान वळवायची सवय त्या जागी बसवायची. पण तेच काम आहे. रिंगमध्ये उभं राहून समोरचा रूडो शिव्या देतोय, पोरं ओरडतायत, आणि मांडीकडे निघालेला हात मधेच थांबवून दोन बोटं लोनाला लावायची. मी आता शड्डू कपडे बदलायच्या खोलीत ठोकतो, मास्क घालायच्या आधी, आणि बेकरीवाला पण आता माझ्याबरोबर ठोकतो.

मास्क प्रत्येकाचा वेगळा शिवलेला असतो, डिझाईन तेच. इथे मास्क शिवणाऱ्याला मास्कारेरो म्हणतात आणि हा पिढ्यांचा धंदा आहे, पहिला नीट बसणारा मास्क १९३० च्या दशकात आंतोनियो मार्तिनेस नावाच्या चपला-बूट बनवणाऱ्या माणसाने शिवला, लेओन गावचा, जे आजही चामड्याच्या कामाचं गाव आहे. ते माप घेणं बघण्यासारखं असतं, डोक्याचा घेर, कपाळापासून मानेपर्यंत, हनुवटीखालून, डोळ्यांमधलं अंतर. मागे बुटासारखी नाडी. नाडी सैल राहिली तर कापड फिरतं आणि डोळ्याचं भोक कानाकडे जातं, आणि घट्ट बांधली तर जबडा उघडत नाही. बाजूचं दिसणं जवळपास संपतं, त्यामुळे वरच्या दोरीवर चढल्यावर खाली समोरचा नक्की कुठे उभा आहे हे मान वळवल्याशिवाय कळत नाही, आणि मान वळवायची तर त्या मेकॅनिकसारखी वळवायची. घामाने कापड भिजलं की श्वासाबरोबर ओठांना चिकटतं. ज्यांनी कधी मास्क घातला नाही त्यांनी कृपा करून कुठल्याही मास्कवाल्याच्या पडण्यावर हसू नये.

यात खरा धोका आहे. ला पार्का हे नाव माहीत असेल काहींना, सांगाड्याचा पोशाख. पहिला ला पार्का ट्रिपल ए या मेक्सिकोतल्या दुसऱ्या मोठ्या कंपनीतून १९९६ च्या सुमाराला अमेरिकेत डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीत गेला तेव्हा ट्रिपल ए म्हणाली पात्र आमचं आहे, आणि तोच पोशाख दुसऱ्याला दिला. मग पहिल्याला एल. ए. पार्क असं नाव घ्यावं लागलं, आणि दोघांची नावासाठी मॅचसुद्धा झाली २०१० मध्ये. हा दुसरा ला पार्का ऑक्टोबर २०१९ मध्ये मोंतेरेच्या मॅचमध्ये रिंगबाहेर उडी मारताना पडला, मानेला मार बसला, आणि जानेवारी २०२० मध्ये गेला. त्याने तो पोशाख वीसपेक्षा जास्त वर्षं वागवला. इतकी वर्षं वागवूनही लोक "खरा ला पार्का कोण" असंच विचारत राहिले, आणि मला तो प्रश्नच अन्यायाचा वाटतो. जो त्या पोशाखात पडला त्याला काय खोटा म्हणायचं?

माझा पहिला रविवार. आत शिरलो, डावा पाय, दोन बोटं, मान, कोपरा. सगळं बरोबर. पण माएस्त्रोने आदल्या दिवशी एक गोष्ट सांगितली होती जी मी कल्पनाच केली नव्हती. मागच्या वेळी, म्हणजे बेकरीवाला आत असताना, रूडोने त्याचा उजवा पाय दोरीत अडकवून पिळला होता. लोकांनी ते बघितलंय. म्हणजे आज माझा उजवा पाय दुखतोय. माझा पाय ठणठणीत, पण मला लंगडायचंय, ते पण बेकरीवाला लंगडत गेला होता तसं, आणि तो लंगडला होता मेकॅनिकच्या पद्धतीने, ज्याचा गुडघा खरोखर गेलाय. तीन माणसांचा एक पाय. पुढच्या रांगेत एक आजी बसतात, नेहमी येतात, मी दोरीवर चढायला लागलो तशा त्या ओरडल्या की चढू नकोस, पाय बरा नाही तुझा. त्यांना आत कोण आहे हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, गल्लीत सगळ्यांना सगळं माहीत असतं, मेकॅनिक त्यांच्याच मागे खुर्ची टाकून बसला होता. पण त्यांनी काळजी केली ती मास्कवाल्याच्या पायाची, आणि त्या काळजीला मी जागलो पाहिजे असं आतून वाटलं. मी खाली उतरलो. ठरलेली उडी सोडली, रूडोच्या कानात बदल सांगितला, खालूनच पकड केली. मॅच नंतर माएस्त्रो एवढंच म्हणाला, आज तू ऐकलंस.

अण्णांना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आरं ही नुरा कुस्तीच की लेका, निकाल आधी ठरलेला." मी म्हटलं अण्णा निकाल ठरलेलाय, पण पाठ खरीच आपटते आणि समोरच्याची मान माझ्या हातात असते. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग विचारलं पडताना हनुवटी आत घेतोस का. दर फोनला आता हेच विचारतात.

आता मिस्तिकोकडे परत येतो, कारण मास्क द्यायची नीट पद्धत काय यावर मला इथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. तो जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेत गेला. सीएमएलएलने २०१२ मध्ये मिस्तिको हे नाव ड्रॅगन ली नावाने लढणाऱ्या एका तरुणाला दिलं. तो दुसरा मिस्तिको. मग ड्रॅगन ली हे रिकामं झालेलं नाव त्याच्याच धाकट्या भावाने घेतलं, जो आज डब्ल्यूडब्ल्यूईत त्याच नावाने आहे. इकडे मूळ मिस्तिको अमेरिकेतून परत आला तर त्याचंच नाव त्याला मिळेना, तो आधी मिस्तेसिस झाला आणि मग २०१५ मध्ये सीएमएलएलमध्ये कारिस्तिको, म्हणजे सिन कारा आणि मिस्तिको एकत्र करून केलेलं नाव. काही वर्षं दोघं एकाच कंपनीत होते, एक मिस्तिको आणि एक कारिस्तिको, एकाच हॉलमध्ये, लोकांना सगळं ठाऊक. २०२१ मध्ये दुसरा मिस्तिको कंपनी सोडून गेला आणि द्रालिस्तिको झाला, आणि मूळ माणसाला दहा वर्षांनी आपलं नाव परत मिळालं. सगळे मूळवाल्याच्या परत येण्याची गोष्ट सांगतात आणि ती आहेच भारी, पण मधली नऊ वर्षं जो पोरगा दर शुक्रवारी पहिल्याशी तुलना सोसत त्या मास्कमध्ये उभा राहिला त्याच्याबद्दल कोणी दोन वाक्यं बोलत नाही. मी त्याच्या त्या काळातल्या बऱ्याच मॅच बघितल्या आणि सुरुवातीला पहिल्याची नक्कल, मग हळूहळू स्वतःचा वेग, हे स्पष्ट दिसतं. तो वेग त्याने मास्क न मोडता आणला, हे मी आता स्वतः करून बघितल्यावर सांगतोय की भयंकर कठीण आहे.

जपानने हे उघडपणे केलं. टायगर मास्क हे मास्कवालं पात्र १९८१ मध्ये सातोरु सायामाने सुरू केलं, २३ एप्रिलला डायनामाइट किड या रेसलरविरुद्ध, मग १९८४ पासून मिसावा, मग १९९२ मध्ये कानेमोतो, आणि १९९५ पासून चौथा, ज्याला स्वतः सायामाने तयार केलं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, लोक असंच मोजतात. मिसावाने १४ मे १९९० ला चालू मॅचमध्ये आपल्या जोडीदाराला, कावादाला, मागची नाडी सोडायला सांगितली आणि मास्क काढून लढायला लागला, आणि पुढच्याच महिन्यात जंबो त्सुरुता या तेव्हाच्या बड्या रेसलरला हरवलं. यात कोणीच फसलं नाही. माझ्या मते हीच पद्धत बरोबर आहे, किमान पहिल्याने दुसऱ्याला शिकवलेलं असावं आणि लोकांना अंदाज असावा. आमच्या जिममध्ये नंबर लावत नाहीत, पण मेकॅनिक खुर्चीवर बसून शिकवतो आणि लोकांना तो तिथे बसलेला दिसतो, म्हणजे न बोलता सांगितलेलंच आहे.

डब्ल्यूडब्ल्यूईने दुसऱ्यांदा जे केलं ते मात्र मला पटत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये हुनिकोला परत सिन काराचा मास्क दिला, तो रॉ या कंपनीच्या दुसऱ्या शोवर येऊन आल्बेर्तो देल रिओ या रेसलरला हरवून गेला, आणि टीव्हीवर एक शब्द नाही की आतला माणूस बदललाय. दोन वर्षांपूर्वी ज्याचा हाच मास्क उतरवून घेतला होता त्यालाच तो गुपचूप घालायला लावला. आणि त्याने घातला, डिसेंबर २०१९ ला कंपनी सोडेपर्यंत घातला. कॅलिस्टोबरोबर टॅग टीम केली, एनएक्सटी या कंपनीच्या नवोदितांच्या शोचं जोडीचं विजेतेपद जिंकलं, मूळवाल्याच्या जवळपास दुप्पट काळ तो सिन कारा होता. आपल्याकडच्या ज्या पोरांनी २०१४ नंतर रेसलिंग बघायला सुरुवात केली त्यांनी जो सिन कारा बघितला तो फक्त हुनिको आहे, दुसरा कोणी नाही. तरी कुठेही विषय निघाला की "नकली सिन कारा". सहा वर्षं दुसऱ्याच्या नावाने पाठ आपटणाऱ्या माणसाला हा शब्द वापरू नका एवढंच माझं सगळ्यांना मनापासून म्हणणं आहे.

सध्या आमच्याकडे चौथा तयार होतोय. बेकरीवाल्याचा चुलतभाऊ, शाळा नुकतीच संपलेली, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला उडतो, पण वरच्या दोरीवर गेला की आधी लोकांकडे बघतो आणि मग कोपऱ्याकडे, उलटं. मंगळवारी आणि गुरुवारी मेकॅनिक खुर्चीवर, मी जिन्यावर मोबाईल घेऊन, आणि तो पोरगा दोऱ्यांमधून आत-बाहेर, डावा पाय, दोन बोटं, मान. परवा मी त्याला लंगडायला शिकवत होतो, कारण उजवा पाय अजून पूर्ण बरा झालेला नाहीये, माएस्त्रो म्हणतो अजून दोन रविवार तरी दुखेल.